थंडीचे तास भरले तरी डोळे फुटेनात: चिलिंगचा हिशेब कुठे चुकतो, आणि जनुकांची अभिव्यक्ती पाहून काही कळतं का?

प्रश्न: काडीकलम

सफरचंद आणि पीच अशी दोन्ही झाडं एकाच तुकड्यात आहेत. तापमानाची नोंद यंत्राने दर तासाला होते. पानगळीनंतरच्या ६० दिवसांचा हिशेब तीन पद्धतींनी केला तर तीन उत्तरं येतात: ७.२ अंश सेल्सियसखालचे तास ४८०, यूटा पद्धतीने २१० युनिट, डायनॅमिक पद्धतीने २७ पोर्शन. जातींच्या माहितीत गरज ४०० ते ४५० तास दिली आहे. म्हणजे तासांच्या हिशेबाने गरज भागली.

झाडांवर दिसतं ते वेगळंच. सफरचंदात फांदीच्या शेंड्याचा डोळा फुटतो आणि खालचे बाजूचे डोळे तसेच मिटलेले राहतात. फुलोरा दहा-बारा दिवसांत आटपायला हवा, तो चार-पाच आठवडे रेंगाळतो. पीचमध्ये फुलडोळे फुगतात आणि हात लागला की गळून पडतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणता आकडा खरा धरायचा? डॅम जनुकांची (डोळ्यांची हिवाळी झोप राखणारी जनुकं) अभिव्यक्ती, म्हणजे त्यांच्यापासून बनणारा आरएनए, खाली आली की थंडी पुरली, असं वाचनात येतं. हे कितपत खरं, आणि डोळ्यांतला आरएनए मोजायचा झाला तर नमुने कसे घ्यायचे? शेवटचं, कमी पडलेली थंडी हायड्रोजन सायनामाइडने (डोळे फुटावेत म्हणून फवारायचं रसायन) भरून काढता येते का?

प्रतिसाद १: तासिका

तिन्ही आकडे गणित म्हणून बरोबर आहेत, फक्त ते एकच गोष्ट मोजत नाहीत. ७.२ अंशांखालचे तास ही सगळ्यात जुनी रीत. ती उणे ३ अंशांचा तास आणि ६ अंशांचा तास सारखाच धरते, आणि दुपारी २२ अंश झाले त्याची दखलच घेत नाही. जिथे हिवाळाभर दिवसही गारच असतात तिथे ही चूक झाकली जाते. रात्री थंड आणि दुपार उबदार असेल तिथे तीच चूक उघडी पडते.

यूटा पद्धत १९७४ ची, पीचसाठी बसवलेली. तिचे टप्पे असे: १.४ अंशांपर्यंत शून्य, १.५ ते २.४ ला अर्धं युनिट, २.५ ते ९.१ ला पूर्ण एक, ९.२ ते १२.४ ला अर्धं, १२.५ ते १५.९ ला शून्य, १६ ते १८ ला उणे अर्धं आणि १८ च्या वर उणे एक.

तुमच्या आकड्यांशी जुळणारा एक दिवस मांडून बघा. ८ तास ५ अंश, ४ तास १० अंश, ४ तास १४ अंश, ३ तास १७ अंश आणि ५ तास २० अंश. तासांच्या पद्धतीने त्या दिवसाचे ८ तास जमा झाले. यूटाने ८ अधिक २, मग शून्य, मग वजा दीड, मग वजा ५, म्हणजे हाती राहिले साडेतीन. असे ६० दिवस धरले तर एकीकडे ४८० आणि दुसरीकडे २१०. फरक सगळा दुपारच्या आठ तासांनी पाडला आहे.

यूटाचाही एक दोष आहे. उबदार दुपारींची वजाबाकी ती कितीही मागे जाऊन करत राहते. महिन्यापूर्वी जमा झालेलं युनिटही आजच्या उन्हाने पुसलं जातं. उष्ण हिवाळ्यात बेरीज शून्याखाली जाते आणि तरी झाड फुलतं. हे अडलं म्हणूनच इस्राएलमधल्या कामातून १९८७ मध्ये डायनॅमिक पद्धत आली. तिच्यात दोन पायऱ्या आहेत. थंडीत एक कच्चा साठा तयार होतो, आणि तो पक्का होण्याआधी ऊन पडलं तर मोडतो. साठा ठरावीक पातळीला पोचला की त्याचा एक पोर्शन पक्का होतो, आणि पक्का झालेला पोर्शन पुढच्या कोणत्याही उन्हाने परत जात नाही. ६ अंशांच्या आसपास स्थिर तापमान असेल तर एका पोर्शनला साधारण २८ ते ३० तास लागतात. तुमच्याकडे दिवसाला अर्ध्याहून कमी पोर्शन पडतोय, म्हणजे अर्धवट साठे रोज मोडतायत.

उबदार हिवाळ्यासाठी डायनॅमिकच धरा. पण एक पथ्य कडक पाळा: जातीची गरज पोर्शनमध्ये दिलेली असेल तरच पोर्शनशी तुलना करा. ‘इतके तास म्हणजे इतके पोर्शन’ असं कायमचं कोष्टक नसतं, ते गुणोत्तर प्रत्येक हवामानात बदलतं. माहितीपत्रकातला ४५० तासांचा आकडा थंड दुपारींच्या प्रदेशात मोजलेला असेल तर तो तुमच्या ४८० शी लावून काहीच सिद्ध होत नाही.

नोंदीच्या चुका आधी काढून टाका. यंत्र जाळीदार पांढऱ्या आडोशात, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर, झाडांच्या ओळीतच हवं. उघड्या उन्हात टांगलेलं यंत्र दुपारी हवेपेक्षा कित्येक अंश जास्त दाखवतं आणि यूटाची वजाबाकी फुगवतं. भिंतीजवळचं यंत्र रात्रीची थंडी कमी दाखवतं. यूटाची मोजणी पानगळीच्या तारखेपासून नाही, शरद ऋतूत बेरीज सगळ्यात खोल उणे गेली त्या दिवसानंतर सुरू करायची. तासागणिक नोंद नसेल, फक्त कमाल-किमान असेल, तर अक्षांशावरून दिवसाची लांबी घेऊन तासांचं तापमान काढता येतं. आर भाषेतल्या चिलआर या पॅकेजात हे रूपांतर आणि तिन्ही पद्धती तयार आहेत.

आणखी एक, जे आकड्यांत दिसत नाही: डोळ्याचं तापमान म्हणजे हवेचं तापमान नव्हे. कोरड्या, निरभ्र दिवशी उन्हातली गडद काडी हवेपेक्षा गरम असते. धुक्याच्या दिवसांत तेवढ्याच तापमानाला झाडाला जास्त थंडी लागू पडते ती यामुळे.

प्रतिसाद २: मूळपेशी

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आधी एक गल्लत दूर करू. गव्हासारख्या पिकांत थंडी लागते ती फुलण्याची पात्रता यावी म्हणून; त्याला व्हर्नलायझेशन म्हणतात. सफरचंद, पीच, चेरी यांच्यात फुलाचा अंकुर आदल्या उन्हाळ्यातच डोळ्यात तयार झालेला असतो. हिवाळ्यात तो फक्त अडवून ठेवलेला असतो. थंडी ही अडवणूक सोडवते. म्हणून थंडी कमी पडली तर फूल ‘तयारच झालं नाही’ असं होत नाही. तयार फूल वेळेत बाहेर येत नाही, किंवा अर्धवट वाढून गळतं. तुमच्या पीचमध्ये दिसतंय ते हेच.

अडवणूक कोण करतं हे पीचच्याच एका विचित्र झाडाने दाखवलं. एव्हरग्रोइंग नावाचा हा प्रकार मेक्सिकोतला. त्याचा शेंडा हिवाळ्यात थांबतच नाही, गोठून मरेपर्यंत वाढत राहतो. त्याच्या पहिल्या सहलग्नता गटावर (म्हणजे पहिल्या गुणसूत्रावर) मॅड्स-बॉक्स वर्गातली, इतर जनुकांना चालू-बंद करणारी सहा जनुकं ओळीने लागून आहेत, आणि तिथला एक तुकडाच गळालेला आहे, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. सहापैकी चार जनुकं पूर्ण किंवा अंशतः गेलेली, आणि अभिव्यक्ती सहांचीही नाही. ही सहा म्हणजे डॅम१ ते डॅम६. डॉर्मन्सी-असोसिएटेड मॅड्स-बॉक्स या नावाची आद्याक्षरं. सफरचंदातही डॅम आणि त्यांच्या जवळच्या एसव्हीपी जनुकांचा आवाज एकत्र दाबला तर झाड सुप्तावस्थेत जात नाही. उलट बाजूने, पीचचं सीबीएफ हे थंडीला प्रतिसाद देणारं जनुक सफरचंदात जास्त चालवलं तर पानं लवकर गळतात आणि डोळे उशिरा फुटतात. म्हणजे संबंध नुसता योगायोगाचा नाही.

आता हिवाळाभर काय होतं ते. पीचमध्ये तुमच्या कामाची जनुकं डॅम५ आणि डॅम६. शरदात त्यांचा आरएनए चढतो, सुप्तावस्था सगळ्यात गाढ असते तेव्हा वर असतो आणि थंडी साठत जाते तसा उतरतो. ही प्रथिनं वाढीला लावणाऱ्या एफटीसारख्या जनुकांना दाबतात. नाशपातीत तर डॅम प्रथिन अ‍ॅब्सिसिक आम्ल (वाढ रोखणारं संप्रेरक) बनवणाऱ्या एनसीईडी जनुकाला चढवताना दिसलं आहे. हे आम्ल वाढलं की पेशी-पेशींमधल्या बारीक वाटा कॅलोजच्या बुचांनी बंद होतात, आणि आतल्या अंकुराला बाहेरचा वाढीचा निरोप पोचत नाही. थंडी पुरली की आम्ल मोडणारी जनुकं चढतात, जिबरेलिनची, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाची, बाजू वर येते, बुचं विरघळतात.

इथे एक ठेच लागते. थंडी पडायला लागल्याबरोबर डॅम उतरत नाहीत, आधी चढतात. कारण थंडीने सीबीएफ जागं होतं आणि सीबीएफ डॅमच्या प्रवर्तक (जनुक चालू करणाऱ्या) भागाला चिकटून त्यांना चालना देतं. उतार येतो तो थंडी आठवडेच्या आठवडे टिकल्यावर. त्या काळात डॅम६ च्या भोवतीच्या हिस्टोनवरची (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) ‘चालू’ची खूण, एच३के४एमई३, कमी होते आणि ‘बंद’ची खूण, एच३के२७एमई३, साठते. ही बंदची खूण पेशीच्या स्मृतीसारखी आहे: एकदा नीट बसली की दोन उबदार दिवसांनी निघत नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीची ऊब नुकसान करते आणि शेवटची ऊब डोळे फुटायला मदत करते. वरच्या प्रतिसादातल्या ‘पक्का पोर्शन परत जात नाही’ या नियमाशी हे छान बसतं. डायनॅमिक पद्धत मात्र निव्वळ फुटीच्या निरीक्षणांवर उभी केलेली आहे, डॅम जनुकं सापडायच्या कितीतरी आधी.

सफरचंद आणि पीच एकाच मापाने मोजू नका. सफरचंद-नाशपातीत वाढ थांबते ती दिवस लहान झाल्याने नाही, तापमान सुमारे १२ अंशांच्या खाली गेल्याने. शरद उबदार गेला तर झाड सुप्तावस्थेत शिरतंच उशिरा आणि विस्कळीत. काही डोळे आत गेलेले, काही अजून बाहेरच. मग फुटही विस्कळीतच येणार. चार-पाच आठवडे रेंगाळलेल्या फुलोऱ्याचं मूळ कधीकधी हिवाळ्याच्या शेवटी नसतं, सुरुवातीला असतं. सफरचंदात डोळे फुटण्याच्या तारखेवर सगळ्यात मोठा प्रभाव टाकणारा भाग नवव्या गुणसूत्रावर आहे. पीचमध्ये तो डॅमच्या टापूतच पडतो. तेव्हा पीचसाठी नेमलेलं खूणजनुक सफरचंदात जसंच्या तसं वापरलं तर हाती गोंधळ येईल.

प्रतिसाद ३: उणे_ऐंशी

नमुने घेण्याबद्दल लिहितो. बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेत बिघडत नाहीत, बागेतच बिघडलेले असतात.

वेळ ठरवून घ्या आणि ती हंगामभर बदलू नका, उदाहरणार्थ सकाळी १० ते ११. सीबीएफसह कितीतरी जनुकं दिवसाच्या घड्याळावर चढ-उतार करतात. एकदा सकाळी सात आणि पुढच्या खेपेला दुपारी दोन असं केलं तर तुम्ही हिवाळा मोजत नाही, दुपार मोजता. दर दहा दिवसांनी, किंवा दर ५ पोर्शनना एक खेप. प्रत्येक जातीची किमान तीन झाडं, आणि प्रत्येक झाडाचा नमुना वेगळा. तिन्ही झाडांचे डोळे एका नळीत घालून तीनदा मोजणं म्हणजे तीन नमुने नव्हेत.

पीचच्या पेरावर बहुधा तीन डोळे असतात: मधला बारीक, टोकदार तो पानाचा, आणि दोन्ही बाजूंचे गुबगुबीत ते फुलांचे. ते वेगळे ठेवा. सफरचंदात शेंड्याचे आणि बाजूचे डोळे वेगळे ठेवा, तुमचा प्रश्नच त्या फरकाचा आहे. नमुन्यामागे ३० ते ५० डोळे लागतात. तोडला की थेट द्रव नायट्रोजनमध्ये, मग उणे ८० अंशांत. वरची तपकिरी खवलं गोठलेल्या अवस्थेतच चिमट्याने काढा. ती तशीच राहिली तर दळताना त्यांतले फिनॉल सगळा आरएनए तपकिरी करून टाकतात. खोलीच्या तापमानाला बसून खवलं सोलली तर जखमेची आणि उबेची जनुकं चढलेली मिळतात.

फळझाडांच्या सुप्त डोळ्यांना साधे तयार संच पुष्कळदा दगा देतात, कारण फिनॉल आणि चिकट पिष्टमय पदार्थ. सीटॅब या साबणासारख्या रसायनाची जुनी रीत भरवशाची: २ टक्के सीटॅब, २ टक्के पीव्हीपी, १०० मिलीमोलर ट्रिस पीएच ८, २५ मिलीमोलर ईडीटीए, २ मोलर मीठ, आणि वापरायच्या क्षणी २ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. हे ६५ अंशांना तापवून ठेवा आणि गोठलेली पूड सरळ त्यात टाका, मधे वितळू देऊ नका. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ ने दोनदा धुवा. मग वरच्या द्रवात त्याच्या पाव आकारमानाचं १० मोलर लिथियम क्लोराइड घालून ४ अंशांना रात्रभर ठेवा. आरएनए खाली बसतो, पिष्टमय पदार्थ बरेचसे वरच राहतात. ही सगळी कामं वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूड) आणि हातमोजे घालून.

तपासणी: प्रकाश किती शोषला जातो त्याचं २६०/२८० नॅनोमीटरचं गुणोत्तर २ च्या जवळ, २६०/२३० किमान १.८. दुसरं गुणोत्तर १ च्या खाली असेल तर घाण राहिली आहे; तसाच पुढे नेला तर उलट प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनवणं) अडखळतं आणि ‘डॅम कमी झालं’ असा खोटा निकाल मिळतो. डीएनेझ द्यायचंच, आणि उलट-प्रतिलेखक न घातलेली एक नळी नेहमी सोबत चालवायची.

प्राइमरची (मोजायचं जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) अडचण या सहा जनुकांत खास आहे. ती एकमेकांच्या नकला असल्यासारखी सारखी दिसतात. मॅड्स भागावर प्राइमर बसवला तर डॅम५ म्हणून सहांची खिचडी मोजली जाते. ३’ टोकाच्या अनुवाद न होणाऱ्या भागात जागा शोधा, तुकडा १०० ते २०० जोड्यांचा ठेवा, वितळण रेषेत एकच शिखर येतं का पाहा, आणि तुकडा एकदा तरी अनुक्रम वाचून खात्री करा. कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत हवी. तुलनेसाठी संदर्भ जनुक म्हणून एकट्या अ‍ॅक्टिनवर विसंबू नका: गाढ झोपेतला डोळा आणि फुगणारा डोळा यांत अ‍ॅक्टिन स्वतःच बदलतं. चार-पाच उमेदवार तपासून त्यांतली सगळ्यात स्थिर दोन-तीन घ्या.

आता मुद्द्याचं. ‘डॅम६ खाली म्हणजे थंडी पुरली’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. डॅम६ शरदाच्या आधीही कमीच असतं, म्हणून एकाच तारखेचा आकडा निरर्थक आहे. चढण आणि उतरण दोन्ही दिसायला हव्यात. शिवाय गोठून मेलेल्या डोळ्यातही ते कमीच येईल. अभिव्यक्तीला अर्थ येतो तो त्याच दिवशी, त्याच झाडांच्या काड्या उबेत ठेवून घेतलेल्या फुटीच्या चाचणीशी लावल्यावर. एका हंगामात फवारणीची तारीख ठरवायला म्हणून क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजायची ही चाचणी) मांडू नका. दोन-तीन हंगाम दोन्ही सोबत केल्यावर ‘आपल्या जातीत, आपल्या हवेत’ हा उतार किती पोर्शनला येतो हे कळतं. तो आकडा मग माहितीपत्रकापेक्षा कितीतरी मोलाचा.

प्रतिसाद ४: पाण्यातली_काडी

वर म्हटलेली फुटीची चाचणी कशी करायची ते लिहितो. बागेतला निर्णय खरं तर हीच देते, आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही.

प्रत्येक खेपेला चार-पाच झाडांवरून मिळून १० ते १२ काड्या घ्या. गेल्या हंगामाची वाढ, पेन्सिलीएवढी जाड, २५ ते ३० सेंटीमीटर लांब, झाडाच्या चारही बाजूंनी, मधल्या उंचीवरून. बुडाचा शेवटचा सेंटीमीटर पाण्याखाली धरून पुन्हा कापा म्हणजे नळ्यांत हवा शिरत नाही. ५ सेंटीमीटर पाण्यात उभ्या करा, पाण्यात ब्लीचचे दोन-चार थेंब. तापमान २२ ते २५ अंश, उजेड १६ तास. दर तीन दिवसांनी पाणी बदला आणि बूड ताजं कापा. हे चुकलं की बुडाला बुळबुळीत थर येतो, काडी पाणी ओढत नाही, आणि डोळा तहानेने फुटत नाही. तो निकाल थंडीच्या नावावर लिहू नका.

सफरचंदासाठी १०, १४ आणि २१ व्या दिवशी मोजा: हिरवं टोक किती डोळ्यांनी दाखवलं? २१ दिवसांत निम्म्यांनी दाखवलं तर थंडी पुरली असं धरायला हरकत नाही. पीचच्या फुलडोळ्यांसाठी वजन जास्त प्रामाणिक. आणल्या दिवशी २० फुलडोळे तोलून ठेवा, उबेत १० दिवस राहिलेल्या काड्यांवरचे २० पुन्हा तोला. वजन ३० टक्क्यांच्या आसपास वाढलं असेल तर झोप मोडली आहे.

शेंड्याचा फुटतो आणि बाजूचे नाहीत, यासाठी चाचणीचा दुसरा प्रकार आहे. काड्यांचे ५ ते ७ सेंटीमीटरचे, एकेक डोळ्याचे तुकडे करा आणि अख्ख्या काड्यांशेजारी ठेवा. तुकड्यांवरचे बाजूचे डोळे फुटले आणि अख्ख्या काडीवर फुटले नाहीत, तर अडवणूक शेंड्याची आहे. थंडी त्यांना पुरलेली आहे. तिथे शेंडा छाटणं, फांदी आडवी वाकवून बांधणं, किंवा हव्या त्या डोळ्याच्या किंचित वर सालीत आडवी खाच घेणं, एवढ्यावर भागतं. खाच सालीतून लाकडाला टेकेल इतकीच. तुकड्यांवरही फुटले नाहीत तर मात्र थंडीच कमी आहे. सफरचंदात बाजूच्या डोळ्यांची गरज शेंड्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे थंडी बेताची पडली की हे लक्षण पहिलं दिसतं.

काडीकलम

चाचणीचा मुद्दा लागू पडतो. पीचचे डोळे गळतात ते थंडी कमी पडल्याने की गोठल्याने, हे बाहेरून ओळखता येईल का? आणि सायनामाइडचं राहिलं.

पाण्यातली_काडी

बाहेरून नाही, कापून कळतं. धारदार पात्याने फुलडोळा वरच्या तिसऱ्या भागात आडवा कापा आणि भिंगाखाली धरा. जिवंत डोळ्यात परागकोशांचं फिकट हिरवं-पिवळं कडं दिसतं आणि मधोमध स्त्रीकेसराचा फिकट हिरवा ठिपका. गोठला असेल तर मधला ठिपका तपकिरी-काळा झालेला असतो, कडं कधी हिरवं, कधी तेही काळवंडलेलं. थंडीच्या रात्रीनंतर लगेच कापू नका, एक दिवस उबेत राहू द्या, मग रंग नीट उतरतो. थंडीच्या कमतरतेने गळणाऱ्या डोळ्यात सुरुवातीला मधला ठिपका हिरवाच असतो, पण देठाशी कोरडी, गुळगुळीत खूण पडून डोळा सहज सुटतो. जमिनीवर पडलेले डोळे कापून उपयोग नाही, तोवर सगळेच तपकिरी होतात. झाडावरचे, हलकेच सुटणारे कापा.

मूळपेशी

सायनामाइड जनुकांच्या पातळीवर काय करतं ते थोडक्यात. ते कॅटलेज हे विकर अडवतं, त्यामुळे डोळ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड साठतं आणि श्वसनाला जोराचा धक्का बसतो. त्या धक्क्याने अ‍ॅब्सिसिक आम्ल मोडणारी जनुकं चढतात आणि डॅमचा आरएनए उतरतो. म्हणजे थंडीने आठवड्यांत जो रस्ता काटला असता त्याचा शेवटचा टप्पा ते धक्क्याने पार करतं. शेवटचा टप्पाच. गाढ झोपेतल्या डोळ्यावर मारलं तर धक्का वाया जातो किंवा डोळा जळतो. थंडीची जागा ते घेत नाही, थोडी उणीव भरतं.

पाण्यातली_काडी

प्रत्यक्षात हे असं उतरतं: थंडीची बहुतेक गरज भागलेली हवी, आणि नैसर्गिक फुटीच्या ३० ते ४५ दिवस आधी फवारणी. विकत मिळणाऱ्या द्रावणात सुमारे ५० टक्के घटक असतो. सफरचंदात ते द्रावण १ ते २ टक्के, झाडांसाठीच्या खनिज तेलासोबत, काडी पूर्ण भिजेल असं. लवकर मारलं तर गुण नाही. डोळा फुगायला लागल्यावर मारलं तर तो करपतो. पीचचे फुलडोळे याला फार नाजूक. तुमच्या बागेत दोन्ही झाडं शेजारी आहेत, तेव्हा वाऱ्याने उडालेला तुषार पीचवर जाणार नाही याची काळजी घ्या, आणि पीचवर वापरायचंच झालं तर आधी दोन-तीन फांद्यांवर कमी प्रमाण तपासा.

हे रसायन माणसाला घातक आहे. त्वचेवाटे जातं, डोळे-कातडी भाजतं, आणि शरीरात दारूचं पचन मधेच अडवतं. फवारणीच्या आधी आणि नंतर काही दिवस दारूचा थेंबही नको. अंगभर कपडे, रबरी हातमोजे, चेहऱ्याची ढाल, श्वसनाचा मुखवटा, यातलं काहीही नसेल तर फवारणी करू नका. युरोपीय संघाने त्याला २००८ मध्ये मान्यता नाकारली. तुमच्याकडे त्या पिकावर परवानगी आहे का, हे लेबल वाचून आधी ठरवा.

तासिका

रसायनाशिवायचे दोन मार्ग लिहून ठेवतो. एक, जात. अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन ही सफरचंदं कमी थंडीवर फुलतात आणि साधारण एकाच वेळी फुलतात, त्यामुळे एकमेकांना पराग देतात. एकटी लावू नका. आहे त्याच झाडांवर त्यांची कलमं चढवता येतात, पण परागासाठी प्रत्येक ओळीत दोन्ही हव्यात. दोन, पानं काढणं. इंडोनेशियात पूर्व जावामध्ये, जिथे हिवाळाच नाही, सफरचंदाच्या वर्षाला दोन बहार घेतात ते असेच: फळं उतरली की साधारण महिन्याभराने पानं काढतात, डोळे गाढ झोपेत शिरण्याआधी. झोप लागायच्या आत उठवायचं, हा त्यातला मुद्दा. तुमच्याकडे खराखुरा, पण अपुरा हिवाळा आहे. तिथे लवकर पानं काढून कोवळी फूट आणली तर ती पुढच्या गारठ्यात सापडेल. म्हणून तुमच्यासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

काडीकलम

यंत्राला आडोसा लावून जागा बदलतो आणि हिशेब पोर्शनमध्ये ठेवतो. अख्ख्या काड्या आणि एकेक डोळ्याचे तुकडे, दोन्ही चाचण्या याच आठवड्यात लावतो. आरएनएसाठी डोळे दर दहा दिवसांनी गोठवून ठेवले आणि मोजणी हंगामाच्या शेवटी एकत्र केली तर चालेल का?

उणे_ऐंशी

चालेल, तसंच करा. सगळ्या तारखांचा आरएनए एकाच वेळी काढला तर खेपेखेपेतला फरक कमी होतो. नळ्यांवर तारीख, वेळ, झाड, डोळ्याचा प्रकार आणि त्या दिवशीचे पोर्शन गोठणाऱ्या लेबलवर पेन्सिलीने लिहा, शाई उणे ८० ला पुसते. आणि नळ्या दोन भागांत ठेवा, दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये.